वाफ कोंडलेलं झाकण

मित्रांनो, कतारमधल्या दोह्याच्या एका मोठ्या रस्त्यावरचं गटाराचं जुनं लोखंडी झाकण बोलतंय. नाक मुरडू नका, ऐका.

कोल्हापूरच्या भट्टीत माझा जन्म झाला. सत्त्याहत्तर साली बोटीने मला इथे आणलं. वाळवंट असलं तरी जानेवारीत पहाटे इथे चांगली थंडी पडते. घराघरांतलं अंघोळीचं, भांड्यांचं कोमट पाणी माझ्याखालून वाहतं. त्याची दमट, उबदार हवा माझ्या भोकांतून वर येते आणि बाहेरच्या गारव्यात तिची वाफ दिसू लागते. थंडीत तुमच्या तोंडातून निघते ना, तशीच. पण त्याच वाटेने खालचा विषारी वायूही थोडाथोडा बाहेर पडतो, आणि तो मेला डोळ्यांना दिसत नाही.

गटार तुंबलं की सफाई कंपनीचा मच्छिंद्र यायचा. माझ्यावरची अक्षरं वाचून पहिल्याच दिवशी म्हणाला, "आयला, तू तर आमच्या गावचं हाईस की!" मला बाजूला सारून तो बराच वेळ थांबायचा, कमरेला दोर बांधायचा, मगच उतरायचा. इतक्या आपुलकीने माझ्याशी दुसरं कोणी कधी बोललं नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत कंपनीच्या गुरुप्रसाद साहेबांनी गाडी थांबवली. मुकादमाला म्हणाले, "पोपटराव, परवा मोठे गेस्ट येणारेत. हा धूर कसला? एकदम बॅड दिसतं. बंद करा."

"होय साहेब, खलास करतो!" म्हणत पोपटरावांनी डांबरात बुडवलेल्या चिंध्या माझ्या भोकांत कोंबल्या. वाफ थांबली. पाहुणे आले, गेले. बोळे मात्र कोणी काढले नाहीत. कशाला काढतील!

मार्चात गटार तुंबलं. पुढच्याच आठवड्यापासून मच्छिंद्रला दोन वर्षांनी गावाकडे जायला रजा मिळाली होती. त्याने पहारीने मला उचकटलं आणि नेहमीसारखा थांबला.

"यल्ला, चल, उतर की!" पोपटराव खेकसले.

"वाईच दम धरा, मुकादम. आत हवा खेळू द्या. दोर बी आणाय पायजे."

"अरे, इतके दिवस वाफ दिसली का इथं? वाफ नाही म्हणजे वायू नाही. साहेब माझ्या डोक्यावर बसलाय. रजेवर जायचंय ना तुला? की रद्द करू?"

मच्छिंद्रने पहार बाजूला ठेवली. बिनदोराचाच उतरला. थोड्या वेळात खालून धप्प आवाज आला.

"मच्छिंद्र! ए मच्छिंद्र!" पोपटराव रस्त्यावर पालथे पडून ओरडत राहिले. त्याने ओ दिली नाही. दोर आला, तो त्याला वर काढायला.

पुढच्या आठवड्यात तो गावी गेला. त्याच्या बायकोने, अंजनाने, विमानतळावर शवपेटी उतरवून घेतली.

चौकशीत साहेब म्हणाले, "सेफ्टीचे नियम पाळायला नकोत का या लोकांनी?" पोपटराव मान खाली घालून "होय साहेब" म्हणाले. माझ्या बोळ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लोखंडाला रडता येत नाही, पण संताप येतो हो, फार येतो!

मित्रांनो, रस्त्यातून वाफ निघताना दिसली तर खुशाल वळसा घालून जा. पण ती दिसू नये म्हणून आमची तोंडं बुजवू नका. आणि आत उतरणारा माणूस 'थांबा' म्हणाला, तर थांबा. त्या दिवशी गटार आणखी तासभर तुंबलेलं राहिलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं?