जिन्याखालचा पत्ता

बंद पडलेल्या छापखान्याच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याखाली बाइंडरबाई राहायला आली, त्याला तीन वर्षं होत आली होती. वर ताडपत्री बांधलेली आणि सगळा संसार एका हातगाडीवर : पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, दोन दाभणं, खळीचा डबा, पुठ्ठे आणि एका पिशवीत कागदपत्रं. शाळांची फाटकी पुस्तकं, दुकानांची रजिस्टरं ती शिवून द्यायची. नवरा गेला, मग खोली होती ती इमारत विकली गेली. काही महिने तिने भावाकडे काढले. वहिनी वाईट नव्हती, पण घर दोन खोल्यांचं. कुणी जा म्हणायच्या आत बाई आपणहून निघाली.

एका सकाळी ती शाळेत पुस्तकं पोचवून परत आली, तर जिन्याखाली झाडून काढल्यासारखी जागा. समोरच्या सायकलवाल्याने सांगितलं, सफाई खात्याची गाडी आली होती, चार माणसांनी सगळं उचलून नेलं.

बाई तशीच खात्याच्या कचेरीत गेली. खिडकीवरचा कारकून भला माणूस होता. सामान गोदामात आहे, अर्ज भरा, सुटेल, म्हणाला. पण पत्त्याच्या रकान्यापाशी बाईने जिना सांगितला तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. आवाज उतरवून तो समजावू लागला, की रस्त्यावर राहणं हाच मुळात गुन्हा आहे. जिना लिहिलात तर स्वतःच्या सहीने कबुली दिल्यासारखं होईल. त्यापेक्षा कुणा नातेवाइकाचा पत्ता टाका.

बाई भावाकडे गेली. दादाने काही न विचारता विजेचं बिल काढून दिलं. वहिनीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. बिल घेऊन परत येताना तिला कोर्टाच्या व्हरांड्यात बसणाऱ्या वकीलबाई आठवल्या. त्या फुकट सल्ला देतात असं ऐकलं होतं. अर्ज बरोबर भरलाय ना, एवढंच विचारायचं होतं.

वकीलबाईंनी बिल पाहिलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. हे लावू नका, म्हणाल्या. बेघर माणसाचं सामान उचलायच्या आधी त्याला नोटीस द्यावी लागते, सामानाची यादी करावी लागते, दुसरी जागा दाखवावी लागते. पण भावाचा पत्ता लावला की तुम्ही बेघर उरत नाही. मग ते म्हणणार, बाईला घर आहे, हा तर रस्त्यात टाकलेला कचरा.

बाईने थोडा विचार केला. "म्हणजे घर नाही म्हटलं तर गुन्हा, आणि आहे म्हटलं तर हक्क नाही?"

"कायद्याच्या दोन वह्या आहेत, मावशी," वकीलबाई म्हणाल्या. "दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यात. एकाने दुसऱ्याची वाचलेली नाही."

खिडकीवर कुठली वही चालते, असं बाईने विचारलं. ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

वकीलबाईंच्या चिठ्ठीवर तिला बायकांच्या निवाऱ्यात एक खाट मिळाली. तिथेही नोंदवहीत सही करायची होती, 'तात्पुरती रहिवासी' म्हणून. बाईला प्रश्न पडला. आता आपण जिन्याखालच्या, दादाकडच्या की इथल्या? तीन वर्षं एक धड पत्ता नव्हता आणि आता तीन-तीन झाले होते. तिने सही केली, पण ती खोटी की खरी, याचा विचार करत ती बराच वेळ खाटेवर बसून राहिली.

शेवटी तिने दादाचं बिल परत दिलं आणि अर्जात लिहिलं : 'बंद छापखान्याचा बाहेरचा जिना, खाली, उजव्या बाजूस.' कारकुनाने ते दोनदा वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

आठवड्याने त्या अर्जावर सुनावणी लागली, वकीलबाई बाईच्या बाजूने उभ्या राहिल्या. खात्याचा माणूस म्हणाला, नोटीस छापखान्याच्या दाराला रीतसर चिकटवली होती. त्याने नक्कल पुढे केली. ती जाड, पिवळसर कागदावर होती. तसला कागद बाईने लगेच ओळखला.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बाईला विचारलं, ही कधी पाहिली होती का?

"पाहिली होती, साहेब. कागद चांगला जाड होता, म्हणून काढून घेतला. एका रजिस्टरला आतून अस्तर लावलं त्याचं."

वकीलबाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"वाचली नाहीत?"

"वर 'इमारतीच्या मालकास' लिहिलं होतं. म्हटलं, आपल्याला कशाला."

खात्याचा माणूस म्हणाला, म्हणजे नोटीस पोचली. वकीलबाई म्हणाल्या, मालकाला लिहिलेली नोटीस मावशींना पोचली असं कसं म्हणता येईल? साहेबांनी नक्कल उलटसुलट करून पाहिली. बाईला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. खरं बोलून आपण जिंकलो की हरलो, हे तिला कुणाच्याच चेहऱ्यावरून कळेना.

निकाल अर्धा अर्धा लागला. सामान परत द्यावं. राहण्याबद्दल पुढे बघू, तोवर 'जैसे थे'. गोदामातून हातगाडी मिळाली, शिकंजा शाबूत होता. कागदपत्रांची पिशवी मात्र नव्हती. यादीत आहे का पाहायला गेल्यावर कळलं, यादी केलेलीच नव्हती.

निवाऱ्यात गाडी ठेवू देत नव्हते, म्हणून ती ढकलत जिन्याशी आली. जिन्याखाली पत्रे ठोकून जागा बंद केली होती. बाहेर नवा पहारेकरी बसला होता. बाईने हुकमाचा कागद पुढे केला. त्याने तो नीट वाचला.

"जैसे थे म्हणजे कधीसारखं?" त्याने विचारलं. "मला पत्रे सांभाळायला सांगितलंय. काढायचं कुणी बोललं नाही."

बाईलाही सांगता येईना. पहारेकऱ्याने उठून गाडी भिंतीच्या सावलीला लावायला हात दिला आणि वकीलबाईंना लावायला आपला फोनही दिला. पलीकडून वकीलबाई म्हणाल्या, पत्रे हुकमाच्या आधी ठोकले की नंतर, ते मी बघते. मी येईपर्यंत तुम्ही तिथून हलू नका.

हे 'हलू नका' कायद्यातलं होतं की वकीलबाईंचं स्वतःचं, ते विचारायचं राहून गेलं. बाई गाडीला टेकून फुटपाथवर बसली आणि वाट बघू लागली.