तिघांची होडी

वृषाली जाऊन तीन महिने झाल्यावर एका सकाळी तिच्या मोबाइलवर अप्पाराव नावाच्या माणसाचा फोन आला. हा मोबाइल अविनाशरावांनी बंद होऊ दिला नव्हता. रोज सकाळी ते तो चार्ज करत आणि पुसून तिच्या टेबलावर ठेवत.

"वृषाली मॅडम उन्नारा?" पलीकडून कुणीतरी तेलुगूत विचारलं.

"बाहेर गेली आहे," अविनाशराव हिंदीत म्हणाले. "मी तिचे वडील बोलतोय."

अप्पाराव मूळचा श्रीकाकुळमचा. अंदमानात त्याची होडी होती. जानेवारीत आईबाबांना तिकडच्या एका छोट्या बेटावर न्यायचं वृषालीने ठरवलं होतं. तिथे रस्ता नाही, होडीनेच जावं लागतं. पांढऱ्या वाळूचा किनारा, आणि मागच्या टेकडीवर उंच लाकडी माच. माचावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. विमानाची तिकिटंही तिने काढून ठेवली होती. ऑगस्टमध्ये हैदराबादेत कुकटपल्लीच्या ऑफिसातून नारायणगुड्याला घरी परत येताना तिची स्कूटर लॉरीखाली आली. एकोणतीस वर्षांची होती.

अप्पारावला खरं सांगायचं अविनाशरावांच्या मनात होतं. पण तो भराभर पुढचंच बोलत गेला. होडी वाळूपर्यंत जात नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, सार. सकाळी सातलाच निघू, दुपारनंतर वारा वाढतो. ते ऐकत राहिले. मग त्यांनी कागद घेतला आणि लिहूनच काढलं.

त्यानंतर दर दोनचार दिवसांनी ते गच्चीवर जाऊन त्याला फोन करू लागले. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे केलेला माणूस. त्यांनी बेटाचा नकाशा काढला. होडी कुठे थांबणार, सावली कुठे आहे, टेकडीची वाट कुठून वर चढते, सगळं त्यात होतं.

त्यांच्या पत्नी नीलिमाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. जामबागेतल्या शाळेतून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. नवराबायकोत तसंही बोलणं कमीच होतं. भांडण नव्हतं, पण मधे वृषाली असायची आणि दोघंही तिच्याशी बोलायचे. आता तेही उरलं नव्हतं. जेवायला वाढलंय, दार लावलं का, एवढंच.

डिसेंबरातल्या एका रविवारी वृषालीच्या कंपनीला द्यायच्या कागदांसाठी नीलिमाबाई तिचं आधार कार्ड शोधत होत्या.

"अहो, हिचं आधार कुठंय?"

"माझ्या फाइलीत असेल. परवा त्याचा फोटो पाठवला."

"कुणाला?"

 बाईंनी फाइल उघडली. वर नकाशा होता. त्याखाली तिघांची आधार कार्डं, आणि एका कागदावर त्यांच्या अक्षरात 'प्रवासी तीन'. मृत्यूचा दाखलाही त्याच फाइलीत होता.

"तीन?" बाईंचा आवाज चिरकला. "तिसरं कोण? तुम्ही तिला होडीत बसवलंत?"

"जेटीवर यादी द्यावी लागते. होडीवाल्या अप्पारावनं नावं मागितली."

"मग?"

"रेशनकार्डावरून तिचं नाव काढायला मीच गेलो होतो, नीलिमा. मतदार यादीतून काढायलाही मीच. दरवेळी तो क्लार्क रेघ मारायचा आणि मी सही करायचो." त्यांनी नकाशा आपल्याकडे ओढून घेतला. "त्याला वाटतंय ती येणार आहे. जगात एक माणूस तरी असा आहे म्हटलं, ज्याला ती येणार आहे असं वाटतंय."

बाईंनी वृषालीचा मोबाइल उचलला आणि बाल्कनीत जाऊन अप्पारावला फोन लावला. मी वृषालीची आई, असं सांगितलं. मग एका दमात बोलून टाकलं, "ती नाही येणार. ऑगस्टमध्ये गेली ती. अपघात झाला."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. 

"अय्यो अम्मा," अप्पाराव म्हणाला. "पण सार तर..."

"सारांना सांगवत नव्हतं."

"मला दोन पोरी आहेत, अम्मा," तो म्हणाला. मग हळूहळू सांगू लागला. जुलैत मॅडमचे सारखे फोन यायचे. माचाला पायऱ्या किती, धरायला दोर आहे का, आईचे गुडघे दुखतात. त्यानं सांगितलं होतं, आईंना खाली किनाऱ्यावर बसवा, तुम्ही नि सार वर जाऊन या. तर ती म्हणाली, उलटं करायचंय. त्या दोघांना वर पाठवायचं, मी खाली बसते.

"का म्हणून?"

"म्हणाली, घरी दोघं माझ्याशीच बोलतात. वर दुसरं कुणी नसलं तर एकमेकांशी बोलतील."

बाईंनी कठडा धरला. खालून भाजीवाला ओरडत गेला. त्यांना रडू आलं ते आवाज न करता, खांदे हलवत, आणि थांबेचना. अप्पारावनं फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "यादी बरोबर द्यावी लागते, अम्मा. तुम्ही मेसेज करा. येणार नसाल तरी करा."

त्या आत आल्या. अविनाशराव तिथेच बसलेले होते. बाईंनी अप्पारावचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लेकीच्या चितेपाशीही ते असे रडले नव्हते.

मेसेज बाईंनी लिहायला घेतला, पण बोटं पुढे सरकेनात. शेवटी अविनाशरावांनीच लिहिला. प्रवासी दोन. खाली दोघांची नावं. पाठवायच्या आधी त्यांनी मोबाइल बायकोपुढे धरला. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

मग दोघं वृषालीच्या पलंगावर जाऊन बसले. ऊन फरशीवरून भिंतीपर्यंत सरकलं.

"तुम्हाला बोट लागते का हो?" बाईंनी विचारलं.

"मला? बसलोय कुठे कधी?" ते म्हणाले. मग आठवून म्हणाले, "हुसेनसागरात बसलो होतो की, बुद्धाच्या पुतळ्यापर्यंत. तुलाच उलटी झाली होती."

"मला नाही. वृषालीला. चार वर्षांची होती. तुमच्या पांढऱ्या शर्टावर."

"हौ," अविनाशराव म्हणाले. "आणि नंतर हसत सुटली होती."

"तुम्ही ओरडलात तेव्हा तिच्यावर."

"ओरडलो होतो?"

"ओरडला होतात."

ते चष्मा पुसू लागले. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.