चोपदाराची चाल

तिसऱ्या पावलाला चोपदार डावीकडे कलला, सावरायला थांबला, आणि मागून येणारे न्यायमूर्ती चष्म्यासकट त्याच्या पाठीवर आदळले.

"चोपदार, बरे आहात ना?"

"फरशी खचलीय, साहेब."

फरशी होती तिथेच होती. एकतीस वर्षं चांदीच्या मुठीचा दंड धरून न्यायमूर्तींच्या पुढे चालणं, एवढंच त्याचं काम. आत निकाल कसाही लागो, बाहेर चोपदाराची चाल सरळ. वकील आपल्या मुलांना ती मुद्दाम आणून दाखवत. दाखवत नसतील तर नुकसान मुलांचं, असं त्याचं मत होतं. येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता आणि त्या दिवशी अकराच्या अकरा न्यायमूर्ती त्याच्या मागून चालणार होते.

दुपारी हेडक्लार्कने आडून विचारलं, "शुक्रवारी दंड दुसऱ्या कुणाकडे देऊ का? तुम्ही आपले खुर्चीत बसा, टाळ्या घ्या."

"बसून निवृत्त व्हायला मी काय न्यायमूर्ती आहे?"

घरी बायकोने चहा पुढे केला. नेहमीप्रमाणे पाऊण कप.

"भरलेला कप कसा असतो, ते मी फक्त कँटीनमध्ये बघितलंय," तो म्हणाला.

"प्या गुपचूप."

"अगं, मी लंगडायला लागलोय."

"हो का?" म्हणून ती दुधाकडे वळली. गॅसवरचं दूध जास्त महत्त्वाचं होतं.

त्याने बूट उलटेपालटे करून पाहिले. काळे, चामडी, नोकरी लागली तेव्हा कोर्टामागच्या जोडेवाल्याने माप घेऊन शिवलेले. तळ पाच वेळा बदलले, वरचं चामडं तेच. पाय आत गेला की ओळखीच्या घरात शिरल्यासारखा बसे. पण जोडेवाल्याची नजर गेली, दुकान बंद झालं. म्हणून या खेपेला बूट दिले ते 'दहा मिनिटांत नवेकोरे' अशी पाटी लावलेल्या काचेच्या दुकानात. बूट चकचकीत होऊन आले आणि चोपदार वाकडा झाला.

बुधवारी तो जोडेवाल्याचं घर शोधत गेला. म्हाताऱ्याने डावा बूट मांडीवर घेतला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि भडकला.

"माझा थर कुणी काढला?"

"कसला थर?"

"तुमचा डावा पाय अर्ध्या बोटाने आखूड आहे, साहेब. पहिलं माप घेतलं तेव्हाच कळलं. टाचेत जादा चामडं घालायचो. थोडं आत, थोडं बाहेर, कुणाला दिसू नये असं."

चोपदाराने आपले दोन्ही पाय जुळवून पाहिले. "अहो बाबा, मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर लंगडला असतात."

म्हातारा चामडं चाचपून कापू लागला.

"डोळ्यांना दिसत नाही ना तुमच्या?"

"टाच मी कधी डोळ्यांनी केली होती?"

शुक्रवारी चोपदार चालला. मागे अकरा न्यायमूर्ती, पुढे सरळ फरशी. कुणी कुणावर आदळलं नाही. हेडक्लार्कने टाळ्या वाजवल्या, त्याही जरा नाइलाजाने. फक्त डावं पाऊल पडताना चोपदार या खेपेला कान देऊन ऐकत होता.

घरी त्याने बूट काढले आणि स्वयंपाकघराकडे निघाला. एक पाऊल वर, एक खाली. या घराची फरशी उताराची बसवली म्हणून त्याने एकतीस वर्षं ठेकेदाराचा उद्धार केला होता.

"तुला माहीत होतं?"

"घरात अनवाणीच असता ना तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"ठेकेदाराला शिव्या देत होता तुम्ही. छान चाललं होतं की!"

तिने चहा ओतला. पाऊण कप. तो हातात घेऊन चोपदार गॅलरीकडे निघाला. दर डाव्या पावलाला चहा काठापर्यंत चढायचा आणि परत फिरायचा. खुर्चीपर्यंत एक थेंब सांडला नाही.