घरातलं दुसरं माणूस

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यातून चार वर्षं धड झोप नाही. माझ्या लेकीच्या, आमच्या मुंगीच्या, गळ्याला पुढून एक भोक आहे, त्यात बोटाएवढी वाकडी नळी बसवलेली आहे आणि त्या नळीतून ती श्वास घेते. झोपली की नळीला मशीन जोडायचं, जागी असली की तासा-दोन तासांनी नळीत साठलेला कफ ओढून काढायचा. तिचा आवाज तोंडापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ती रडली तरी ऐकू येत नाही. तोंड उघडं, गालांवर पाणी आणि घरात शांतता. अशा पोरीकडे पाठ करून कोण झोपेल, सांगा?

नवरा लांबच्या बसवर ड्रायव्हर. दोन दिवस बाहेर, एक दिवस घरी, आणि त्यातही निम्मा वेळ घोरतो. म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, शिलाई मशीन घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. "आठ दिवस बघते," म्हणाल्या होत्या. आल्या आल्या खिडकीपाशी मशीन मांडलं आणि दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलत राहिल्या. टाचण्या धरूनही इतकं बोलता येतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

दर गुरुवारी हॉस्पिटलची सिस्टर घरी येऊन मुंगीला तपासून जायची. तिने मला बजावलं होतं, "एकटीच्या जिवावर हे निभायचं नाही. महिनाअखेरपर्यंत घरातलं दुसरं माणूस तयार पाहिजे, नळी बदलण्यासकट. नाहीतर मिस्टर ड्यूटीवर असतील तेव्हा हिला वॉर्डात आणून ठेवावं लागेल." तिच्या फॉर्मवर त्या दुसऱ्या माणसाच्या नावाची ओळ कोरी होती.

वन्सं शिकायला एका पायावर तयार होत्या. जुन्या उशीला भोक पाडून त्यात जुनी नळी घालायचा सराव त्यांनी पन्नासदा तरी केला असेल. पण मुंगीची नळी मी काही त्यांना बदलू देत नव्हते, आणि बाकी कशाला हात लावला तरी मागे लागायचे. हात धुतलेत का, नखं दाखवा, असं नाही, तसं! एकदा तर "शर्टाची कॉलर नाहीये ती, वन्सं!" असं बोलून गेले. त्या पुन्हा उशी घेऊन सरावाला बसल्या. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

नळी जागेवर राहावी म्हणून मानेभोवती एक मऊ पट्टी बांधतात, ती रोज सकाळी बदलायची. हे काम दोघींचं. एकीने नळी धरायची, दुसरीने पट्टी बांधायची. त्या सोमवारी वन्सं म्हणाल्या, "आरशात तोंड बघ गं जरा आपलं. दुपारी दोन तास आडवी हो, मी बसते हिच्यापाशी."

झालं! माझं डोकंच फिरलं. "तुम्ही तुमचे कपडे शिवा," म्हटलं आणि पट्टी एकटीनेच बदलायला घेतली. मुंगीच्या खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी होती, मान मागे पडलेली. पट्टीखालून एक बोट जातंय ना, बघितलं, गाठ मारली आणि उठले. आता खरं तर मान मागे असताना गळा ताणलेला असतो. पोर उठून बसली, मान पुढे झाली, की तीच पट्टी सैल पडते. म्हणून बसवून पुन्हा बोट घालून बघायचं असतं. हे मीच वन्संना दहा वेळा ओरडून शिकवलं होतं. आणि त्या दिवशी रागाच्या भरात मीच विसरले.

बाराच्या सुमाराला मी भांडी घासत होते. बाहेरचं शिलाई मशीन एकदम थांबलं आणि वन्संनी हाक मारली, "अगं, लवकर ये! नळी!"

मुंगी सतरंजीवर बसली होती. खोकल्याची एक उबळ आली असेल, तेवढ्याने नळी बाहेर येऊन छातीवर लोंबत होती. ओठ निळसर पडायला लागले होते आणि डोळे माझ्यावर खिळलेले.

दर आठवड्याला नळी मीच बदलते. पण ती सगळं मांडून, हात धुऊन, सावकाश. तेव्हा मात्र अडीअडचणीसाठी भिंतीला टांगलेल्या पिशवीतून नवी नळी काढली आणि माझे हात असे लटपटायला लागले की भोक सापडेना. टेकवली, घसरली. परत टेकवली, परत घसरली. डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचं काही दिसेनासं झालं.

"सरक," वन्सं म्हणाल्या. मी सरकेना, तर त्यांनी मला सरळ बाजूला ढकललं आणि माझ्या हातातली नळी काढून घेतली. मुंगीला आडवं केलं, टॉवेल खांद्यांखाली सारला, दोन बोटांनी कातडी ताणली. नळीचं टोक टेकवून ती खाली वळवत आत सरकवली, घालताना नळीला आधार देणारी आतली दांडी ओढून काढली आणि नळी बोटांनी धरून ठेवली. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. मुंगीच्या ओठांवर हळूहळू रंग चढला. हे सगळं होईपर्यंत वन्संच्या तोंडून एक शब्द नाही, आणि ही बाई झोपेतसुद्धा बोलते!

"बांध आता पट्टी," त्या म्हणाल्या. मी बांधली. "बसवून बघ." मी बसवून बघितलं.

मग वन्सं उठल्या, चार पावलं चालल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. आता त्यांना पाण्याचा पेलाही धरवेना, म्हणून मीच पाजलं आणि त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. मुंगीने तेवढ्यात संधी साधून वन्संची मोजपट्टी पळवली.

गुरुवारी सिस्टर आली. झालेलं सगळं ऐकलं आणि विचारलं, "पट्टी कुणी बांधली होती?"

मी तोंड उघडायच्या आत वन्सं बोलून मोकळ्या. "मी. बसवून बघायचं राहिलं माझ्याकडून."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "मग अवघड आहे, मावशी. तुमचं नाव नाही घालता येणार."

वन्संचा चेहरा पडला. आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा कळलं. मी गप्प राहिले असते तर माझी चूक झाकली गेली असती. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झालाच. पण मुंगी वॉर्डात गेली असती, आणि तीही वन्संच्या माथी खापर फोडून.

"साफ खोटं बोलतायत या!" मी ओरडलेच. "पट्टी मी बांधली होती. एकटीने, रागाच्या भरात. आणि नळी निघाली तेव्हा माझे हात चालेनात, ती यांनी बसवली. लिहा त्यांचं नाव!"

सिस्टरने आळीपाळीने दोघींकडे बघितलं. "चूक कुणाकडूनही होते, बाई. म्हणून तर दुसरं माणूस मागत होते मी." तिने वन्संना आपल्यासमोर नळी बदलायला लावली. मी नुसती मुंगीचा हात धरून बसले. मग फॉर्मवर वन्संनी स्वतःच आपलं नाव घातलं, मोठ्ठ्या अक्षरांत, ओळीबाहेर गेलेलं.

सिस्टर गेल्यावर मी विचारलं, "का असं बोललात?"

"अगं, तू आधीच अर्धी झालीयेस. म्हटलं, आणखी बोलणी कशाला खायला लावायची."

"वन्सं, माझी पोर तुमच्यामुळे आहे. मी काय काय बोलले तुम्हाला. हे मी जन्मात विसरणार नाही."

"बरं, नको विसरूस. आता जा, झोप."

गेले. दार लोटून घेतलं आणि पडल्या पडल्या डोळा लागला. जाग आली ती मुंगीच्या मशीनच्या अलार्मने. एक पाय खाली टेकला, दुसरा टेकवणार, तेवढ्यात पलीकडे खुर्ची सरकली. कफ ओढायच्या यंत्राची घरघर झाली आणि थांबली. अलार्म बंद झाला.

"लबाड," वन्सं हळूच रागावत होत्या, "आईला उठवायचं होतं ना?"

मी पाय वर घेतला, कूस बदलली आणि परत झोपले.