बळदातला आवाज

चकलांब्याच्या म्हाळू महाराजाच्या खोलीत सोमवारी पाय ठेवायला जागा नसायची. तिथली भिंत बोलायची म्हणे, तीही मेलेल्यांच्या आवाजात.

"वच्छले, गोळ्या बंदच ठेव. अंगारा खा," भिंत माझ्या वडिलांच्या आवाजात म्हणाली. माझ्या आईनं पदर डोळ्यांना लावला. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. टीबीच्या गोळ्या तिनं याच भिंतीच्या सांगण्यावरून पंधरा दिवसांपूर्वी सोडल्या होत्या आणि खोकल्यातून रक्त पडत होतं.

"आत्म्याला कंठ नसतो," महाराज डुलत म्हणाले, "म्हनून तो भिंतीचा कंठ उसना घेतो."

कंठ नसतो, पण गोळ्यांबद्दल मत असतं. हे मला नवीनच होतं.

"भिंतीवरच्या त्या पडद्यामागं काय हाय?" मी विचारलं.

"बळद. ज्वारीनं गच्च भरलंय." बळद म्हणजे भिंतीच्या पोटातलं धान्याचं कोठार.

मी पावलांनी खोली मोजली, एक फुगा फोडला आणि आवाज टेप केला. लोक माझ्यावर खेकसले. आई एवढंच म्हणाली, "तुझे वडील सांगतील तवाच गोळी घीन."

मी अंबाजोगाईत फिजिक्स शिकवायचो. एकोणीसशे नव्व्याण्णव साल. बायको नाही, मित्र नाहीत. सोबतीला कॉलेजचा संगणक. दीडशे खोल्यांत फुगे फोडून मी त्याला शिकवलं होतं: खोली एवढी, भिंती अशा, आवाज इतका वेळ घुमला. तो चुकायचा, मी चूक दाखवायचो, तो सुधारायचा. न्यूरल नेटवर्क म्हणतात याला. आता तो न पाहिलेल्या खोलीचंही सांगायचा.

बळद भरलेलं धरून म्हाळूच्या खोलीत आवाज अर्धा सेकंद घुमेल, असं त्यानं सांगितलं. टेपवर जवळजवळ दुप्पट निघाला. ज्वारी आवाज गिळते, पोकळी घुमवते. म्हणजे बळद रिकामं होतं.

पुढच्या सोमवारी भिंत बोलू लागताच मी पडदा ओढला. आत वडिलांचे जुने दोस्त मोहनराव, आवाज ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला घागर लावून बसलेले. आमच्या घरातलं सगळं त्यांना ठाऊकच होतं. लोक आधी हसले, मग महाराजावर धावले.

आई हसली नाही. "कुनी का असंना, वच्छले म्हनून हाक मारायचा," ती म्हणाली. "आता कोन मारंल?"

आईच्या घरी आल्यावर मी सवयीनं टाळी वाजवली. आवाज बराच वेळ घुमला. माणसं आणि सामान आवाज शोषतात. इथं एकटी आई राहत होती. दीडशे खोल्या मोजल्या, ही राहून गेली होती. मला लाज वाटली.

भिंत बोलली तर मागं कोण बसलंय ते बघा. डॉक्टरची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. आणि आपलं माणूस भिंतीशी बोलायला का जातं, हेही एकदा स्वतःला विचारा. आईनं त्या दिवशी गोळी घेतली, पण मी तासभर समोर बसून तिच्याशी बोललो तेव्हा.