आधी हात, मग वस्तरा

आप्पा दाढीला कुणालाच हात लावू देत नव्हते. उभा जन्म लोकांच्या दाढ्या केलेला माणूस, आणि स्वतःच्या हनुवटीवर नुसतं रान माजलेलं! लेक कात्री घेऊन जवळ गेली की गुरकावायचे, "हात नको लावू. माझा बारक्या येईल."

बारक्या म्हणजे धाकटा मुलगा. बापाच्याच दुकानात, बापाच्याच हाताखाली तयार झालेला. मग दूरच्या शहरातल्या बड्या हॉटेलच्या सलूनमधून बोलावणं आलं. तिप्पट पगार. आता नाही कोण म्हणेल, सांगा बरं? त्याच पगारातून आप्पांची औषधं आली, सांभाळायला बाई आली, गळकं छप्परसुद्धा नवं झालं. तो तेवढा आला नाही. रजा मागितली की मालक तोंड वाकडं करायचा. इकडे आप्पा एकेकाला विसरत चालले. आधी शेजारी विसरले, मग पोटच्या लेकीला "अहो बाई" म्हणू लागले. बारक्याचं नाव मात्र तोंडातून जात नव्हतं.

"निदान तुला तरी ओळखतील रे," ताई फोनवर रडली, तेव्हा नोकरी गेली खड्ड्यात म्हणत तो निघाला. वाटभर एकच घोकत होता, मला ओळखतील, मला ओळखतील.

आप्पा खिडकीशी बसले होते. त्यांनी याच्याकडे पाहिलं आणि परत बाहेर बघू लागले.

चेहरा नाही तर नाही, आपला हात तरी ओळखतील, असं मनाशी म्हणत त्याने गरम पाणी घेतलं, फेस लावला आणि सरळ वस्तरा टेकवला. आप्पा दचकले. गालावर रक्ताचा थेंब आला.

"कुणी शिकवलं रे तुला?" आप्पा कडाडले. "आधी हात, मग वस्तरा! गिऱ्हाइकाला तुझा हात कळू दे की!"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानातला पहिला धडा तो. आधी तळहात गालावर ठेवायचा, माणूस सैल पडला की मग सुरुवात. हॉटेलात हातमोजे घालायचे, आणि गिऱ्हाइकाला उगाच हात लावायचा नाही असा दंडक. तिथे राहून तो हे पार विसरून गेला होता. मग विसरभोळं म्हणायचं तरी कुणाला?

तळहात त्याने बापाच्या गालावर ठेवला. नुसता ठेवला. हळूहळू आप्पांनी डोळे मिटले, मान सैल सोडली. दाढी झाल्यावर गालावरून हात फिरवून ते खूश झाले.

"झकास! कुणाचा रे तू?"

"तुमच्यासारख्याच एका कारागिराचा," वस्तरा पुसत तो म्हणाला.

"त्यांच्याजवळच असतोस ना?"

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हो. जवळच."

"मग बरं," आप्पा म्हणाले. "माझा लांब असतो. पण येईल हं तो. आणि हे बघ, तू दाढी केलीस हे त्याला सांगू नकोस. वाईट वाटेल त्याला."