वरण-बट्टीनंतरची पाठवणी

माझे आतापर्यंत तीन सिनेमे झाले. तिन्ही अहिराणीत. पोस्टरवर 'निर्माती : भिकुबाई वना पाटील' हे हिरोच्या डोक्याच्याही वर छापलेलं असतं, तसं मी छापखानेवाल्याला बजावलेलंच आहे. शिक्षण तिसरी. पुढे मास्तरांना माझ्यासमोर टिकता आलं नाही.

भडगावला आमचा मंडपाचा धंदा. खुर्च्या, जनरेटर, भोंगे, मोठे दिवे, पातेली, सगळं घरचं. लग्नांचं शूटिंग करायला प्रेमराज नावाचा एक लाजरा पोरगा यायचा. एकदा मी त्याचं शूटिंग मोबाईलवर पाहिलं. नवरी कुठे दिसेचना. आमची नूतन बुंदी वाढतेय, आमची नूतन पाणी वाढतेय, आमची नूतन कुत्रं हाकलतेय. म्हटलं, असं आहे का! त्याच वर्षी दोघांचं लग्न लावून टाकलं. जावयाला सिनेमा काढायचा होता आणि माझ्याकडे सिनेमाला लागतं ते सगळं होतं, फक्त सिनेमा नव्हता. अशी मी निर्माती झाले.

अडचण एकच. आमच्या घराण्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची आणि काय असेल ते लेकीला सांगायचं. आता तो डायरेक्टर आणि मी निर्माती, दोघांमध्ये अंतर चार पावलांचं.

"नूतन, तुझ्या मालकांना विचार, ही हिरोईन रडतेय का कांदा चिरतेय?"

"नूतन, मामींना सांग, ते मी बघतोय."

"नूतन, सांग त्यांना, बघून झालं असेल तर बदला म्हणावं."

नूतनची मान दिवसभर इकडून तिकडे. तीन सिनेमांत तिच्या मानेला पट्टा लागला, पण आम्ही रीत मोडली नाही.

चौथ्या सिनेमाचा शेवटचा सीन तेवढा राहिला होता. धुळ्याच्या टॉकीजवाल्याने आखाजीचे चार खेळ देतो म्हणून शब्द दिला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात, टॉकीज फुटेल इतकी गर्दी. पण त्याची अट होती की सोमवारी पूर्ण सिनेमा हातात पाहिजे, नाहीतर ते चार खेळ तो हिंदीवाल्यांना देणार. आमची हिरोईन रत्ना वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला. तिला मिळाला एकच रविवार. संध्याकाळी साडेपाचची जळगावची एसटी तिला शूटिंगच्या गावाच्या फाट्यावरून पकडायचीच होती. म्हणजे त्या रविवारी सीन झाला तर सिनेमा, नाहीतर माझ्या नावाचं पोस्टर कुल्फीवाला कागद म्हणून वापरणार.

सीन असा : नवरी सासरी निघते आणि अख्खं गाव रडतं. जावई म्हणाले, तीनशे माणसं लागतील. मी म्हटलं, "नूतन, सांग त्यांना, एक कमी पडलं तर नाव बदलीन."

शूटिंग माझ्या माहेरी होतं, गिरणेच्या काठावर. मी झुलालला गावभर फिरवला. आवतन द्यायचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरात. तो दारोदार ओरडत गेला, "भिकुबाईकडे चूलबंद!" चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं.

आले ना! गाव तर आलंच, गावाचे पाव्हणेही आले. नुसते नाही, आहेर घेऊन आले. रत्नाला मांडवात बसल्या बसल्या अकरा ब्लाउजपीस, दोन स्टीलचे डबे आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नूतन सगळ्यांना सांगून दमली की हे लग्न खोटं आहे. गावातली बेबाबाई तिच्यावरच उखडली. "खोटं ऱ्हावो का खरं, खाली हाते येवाले आमले लाज नही का?"

एक वाजला. जावई म्हणाले, "नूतन, मामींना सांग, आधी सीन घेऊ, मग जेवण."

इथे माझं चुकलं. पण त्या वेळी मला कोणी चुकलं म्हणालं असतं तर मी त्याला पातेल्यात घातलं असतं. म्हटलं, "सांग त्यांना, चूलबंद आवतन देऊन माणूस उपाशी बसवला तर माझ्या माहेरी मला पुन्हा कोणी पाणी विचारणार नाही. उपाशी माणूस रडतो ते भुकेने. माझ्या सिनेमात मायेने रडायला पाहिजे."

पंगती बसल्या. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, वर तुपाची धार. मी स्वतः वाढायला उभी. कोणी पाच बट्ट्या चुरल्या, कोणी सात. "घे अजून, घे, रडायला ताकद लागेल," असं म्हणत मी एकेकाच्या ताटात तूप ओतत होते. शेवटची पंगत तीन वाजता उठली.

आणि झोपली.

बट्टी पोटात गेली, चैताचं ऊन वर, निंबाची सावली खाली. तीनशे माणसं जागच्या जागी आडवी. कोणाचा पाय कोणाच्या डोक्यावर. नवरदेव प्रकाश मुंडावळ्यांसकट चटईवर घोरतोय. बॅंडवाल्याने ढोलाचीच उशी केलेली. नूतन भोंग्यावरून ओरडली तर एकाने झोपेतच हात हलवून सांगितलं, "पोट भरनं, नको वाढू."

पाच वाजले. सजवलेल्या गाडीत रत्ना एकटी बसून घड्याळ बघत होती, आहेरात आलेलं. जावई कपाळ धरून खाली बसले. "नूतन, मामींना सांग, सिनेमा संपला."

ते ऐकलं आणि माझं टाळकं फिरलं. मी धावतच पहिल्या माणसाला गाठलं. "ऊठ रे झुलाल! पोर चालनी सासरले आनी तू घोरी राहिना?" त्याचा पाय धरून ओढला, तर धोतर हातात यायला लागलं, म्हणून सोडला. बेबाबाईच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. ती म्हणाली, "पाऊस उना वाटतं," आणि कूस बदलून झोपली. "अरे कोणीतरी रडा रे! सात बट्ट्या खाणारे, एक थेंब तरी काढा!" पदर कधी पडला, अंबाडा कधी सुटला, मला पत्ता नाही.

मागे वळले तर कॅमेरा माझ्यावर.

"प्रेमराज!" मी ओरडले. "बंद कर ते!"

पहिल्यांदा. थेट. नावाने. नूतनने तोंडावर हात ठेवला.

जावई पुढे आले आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्यापुढे धरला. "मामी, एकदा बघा. मग काप म्हणालात तर कापतो."

बघितलं. उघड्या डोक्याची, केस पिंजारलेली एक बाई एका जाड्या माणसाला तंगडी धरून ओढतेय. ज्या गावाने माझा उघडा अंबाडा कधी पाहिला नाही, त्या गावापुढे, धुळ्यापुढे, आखाजीला माहेरी आलेल्या लेकींपुढे हे दाखवायचं? मी तोंड उघडलं, काप म्हणायलाच. तेवढ्यात पडद्याच्या कडेला रत्ना दिसली. गाडीच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती. अख्खं गाव झोपलंय आणि तिला निरोप द्यायला एकटी आई जागी आहे. आई चिडलीय, वेडी झालीय, पण जागी आहे. पोरीचे डोळे भरलेले. कांदा नव्हता तिथे.

"ठेव," मी म्हटलं. "पण हा अर्धाच झाला. पोर अजून गाडीत बसलीय, सासरी कुठे गेली? गाडी सोड, मी मागून धावते. पन्नाशी उलटलीय, एकदाच धावीन. चुकलास तर तू आणि तुझा कॅमेरा दोघं गिरणेत."

जावई आमच्या जनरेटरवाल्या हिलालच्या मोटारसायकलवर मागे तोंड करून बसले. गाडी सुटली. मी धावले, "रत्ना! पोरी!" करत. ड्रायव्हरला काय अंगात आलं, त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

आणि गाव उठलं! झोपेतून उठलेल्या माणसाला काय दिसावं? नवरी गाडीत, मागे केस सोडून धावणारी भिकुबाई, नवरदेव चटईवर. झुलालला वाटलं, पोर पळवली. तो ओरडला, "पोरले पळाडी लई ग्यात!" झालं. तीनशे माणसं, कोणी धोतर तर कोणी पदर सावरत, गाडीमागे. बेबाबाई सगळ्यांच्या पुढे, हातात चप्पल, घळाघळा रडत, ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत. प्रकाश मुंडावळ्या फेकत, "मनी बायको! मनी बायको!" ती आपली बायको नाही, लग्न खोटं आहे, हे तोही विसरला होता. मोटारसायकलवरून जावई आनंदाने किंचाळत होते, "रडा! धावा! रडा!"

माझा श्वास संपला होता, कमरेत उसण भरली होती. पण मी थांबले तर मागचं गाव थांबेल, आणि गाव थांबलं तर सीन फाट्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून मी थांबले नाही. समोर फाट्यावर जळगावची लाल एसटी धूर सोडत उभी होती, कंडक्टर दारात येऊन आ वासून बघत होता, आणि रत्ना शालूचा घोळ कमरेला खोचून पायरीवर चढत होती. तिने वळून दोन्ही हात हलवले. तीनशे माणसांनी एकदम हंबरडा फोडला.